जुनं सागवानी दार काढून टाकायच्या आधी: लाकूड का हलतं आणि दुरुस्ती कशी करून घ्यायची

जूनच्या शेवटी पाऊस धरला की बडोद्यातल्या डांडिया बजार, रावपुरा, मांडवी या भागातल्या जुन्या घरांची दारं अडायला लागतात. मे महिन्यात ज्या दाराच्या फटीतून समोरच्या ओटल्यावर कोण बसलंय ते दिसत होतं, तेच दार आता खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. मग मिस्त्री येतो, कडेला रंधा मारतो, दार सुरळीत होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात फट अजून मोठी होते. असं दहा-पंधरा वर्षं चाललं की दाराची ती बाजूच संपते, कडी-कोयंडा जुळत नाही, आणि एक दिवस मिस्त्री म्हणतो, "बेन, आ काढी नाखो, नवुं फ्लश डोर नाखी दउं" (ताई, हे काढून टाका, नवीन सपाट प्लायचं दार लावून देतो). आणि पणजोबांच्या काळातलं वलसाडी सागाचं दार हातगाडीवरून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातं. तो ते दार आनंदाने घेतो, कारण तसं लाकूड आज नवीन घ्यायला गेलं तर सहजी मिळत नाही.

मला मनापासून वाटतं की यातली बरीचशी दारं, खिडक्या, फडताळं, कठडे वाचू शकतात. आणि वाचवायला फार मोठी कला नाही लागत, एक गोष्ट नीट समजून घ्यायला लागते. ती म्हणजे लाकूड हलतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी हलतं. जुने सुतार ते हलणार हे धरूनच काम करायचे, आणि आपण दुरुस्तीच्या नावाखाली त्याची वाट लावतो ती बहुतेक वेळा ते हलणं बंद करायला जाऊन.

आता हलतं म्हणजे काय. लाकडाचा तुकडा म्हणजे उभ्या स्ट्रॉची जुडी समजा, बारीक बारीक नळ्या, सगळ्या झाडाच्या उंचीच्या दिशेने. हवेत दमटपणा वाढला की या नळ्यांच्या भिंती ओल शोषून जाड होतात, हवा कोरडी झाली की बारीक होतात. त्यामुळे लाकूड रुंदीत फुगतं आणि आटतं, लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सहा फुटी दार पावसाळ्यात उंच होत नाही, रुंद होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आकड्यात सांगायचं तर हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड हळूहळू 6 टक्के ओलाव्यावर येऊन स्थिरावतं, आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर 16 टक्क्यांच्या आसपास. बडोद्याच्या एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्टमधला फरक साधारण याच पट्ट्यात फिरतो. घरातलं लाकूड त्या दोन्ही टोकांना पूर्ण पोचत नाही कारण त्याला वेळ लागतो, पण समजा ओलावा 8 टक्क्यांनी वाढला, तर एक फूट रुंदीची सागाची फळी, ती खोडातून कशी चिरली आहे त्यावर, अडीच ते साडेचार मिलिमीटर फुगते. आणि साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे म्हणून एवढ्यावर भागतं, इतर बरीच लाकडं याहून जास्त हलतात.

म्हणूनच जुनं दार एका सलग रुंद फळीचं नसतं. कुठल्याही जुन्या घरातलं चांगलं दार बघा, रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात गेलात तर भिंतींवरच्या चित्रांबरोबर तिथलं लाकूडकामही बघा. चांगल्या दाराला दोन उभ्या पट्ट्या, तीन किंवा चार आडव्या पट्ट्या, आणि मधे बसवलेली पॅनलं असतात. पट्ट्या अरुंद, त्यामुळे त्यांचं फुगणं थोडं. पॅनल रुंद, ते जास्त फुगणार, म्हणून ते पट्ट्यांना खोदलेल्या खाचेत नुसतं सरकवून ठेवलेलं असतं, ना सरस ना खिळा. खाचेच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडलेली असते, पॅनल पावसाळ्यात त्या जागेत सरकतं आणि उन्हाळ्यात परत येतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना आहे ही, मला तर दरवेळी बघून बरं वाटतं.

आता यात आपण काय करतो? पॅनल खडखडतंय म्हणून खाचेत फेविकॉल भरतो, किंवा कडेने बारीक चुका मारतो, किंवा ऑइलपेंटचे इतके हात मारतो की रंगच गोंदासारखा पॅनल धरून बसतो. मग उन्हाळ्यात पॅनल आटायला जातं, दोन्ही कडा पकडलेल्या, आणि ते मधोमध चिरतं. लोकांना वाटतं लाकूड जुनं झालं म्हणून तडकलं. तसं नाहीये, त्याला धरून ठेवलं म्हणून तडकलं. अशी चीर पुट्टीने भरली तर पुढच्या पावसात पुट्टी चेपून बाहेर येते आणि उन्हाळ्यात चीर परत दिसते, वर्षानुवर्षं तेच चालू. बरोबर दुरुस्ती म्हणजे आधी पॅनल खाचेत मोकळं करणं, कडेचा रंग पातळ सुरीने कापून, मग चिरेत त्याच जातीच्या लाकडाची निमुळती पट्टी एका बाजूला चिकटवून बसवणं, किंवा पॅनल बाहेर काढता आलं तर दोन तुकडे सरळ एकमेकांना जोडून परत मोकळं बसवणं.

सांध्यांचंही तसंच. आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे मिळते तिथे आडवीच्या टोकाला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढलेलं असतं आणि उभीला त्या मापाची खाच. कुसवाची जाडी साधारण पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे 36 मिलिमीटरचं दार असेल तर 12 मिलिमीटर, कारण त्याहून जाड केलं तर खाचेच्या बाजूच्या भिंती पातळ राहून फुटतात. आणि त्यातून आरपार लाकडी खुंटी. जुन्या चांगल्या कामात एक खुबी असते, कुसवातलं भोक खाचेच्या भोकाच्या समोरासमोर नसतं, एखाद-दीड मिलिमीटर कुसवाच्या मुळाकडे सरकवलेलं असतं, त्यामुळे खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढते आणि सांधा कायमचा आवळला जातो. गोंद गेला तरी सांधा सुटत नाही. असा सांधा ढिला झालेला असेल तर त्यावर लोखंडी एल-पट्टी मारू नका प्लीज. खुंटी मागून पंचने ठोकून काढता येते, सांधा उघडता येतो, आतला जुना सरस गरम पाण्याने मऊ होऊन निघतो. मग कुसवाला गरज असेल तर पातळ सागाची पट्टी लावून जाड करायचं, नवीन खुंटी, झालं. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेल्या त्या जुन्या सरसाचा हाच मोठा गुण की तो उष्णता आणि पाण्याने सुटतो. आजचे पांढरे गोंद मजबूत असतात पण एकदा आत मुरले की नवीन गोंद त्यावर धड धरत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं. इपॉक्सी तर त्याहून पुढची गोष्ट. म्हणून जिथे पुढे कधीतरी कोणालातरी सांधा उघडावा लागेल तिथे खुंटी आणि पाचर यांच्यावर भर द्या, गोंद कमीत कमी.

परत त्या अडणाऱ्या दाराकडे येऊ. ऑगस्टमध्ये रंधा मारायचा नाही. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा, दहातल्या बऱ्याच दारांत खरं दुखणं तिथे असतं, स्क्रूची भोकं मोठी झालेली, दार पुढून खाली झुकलेलं आणि चौकटीला वरच्या कोपऱ्यात घासतंय. भोकात काडेपेटीच्या काड्या खुपसून स्क्रू आवळतात तसं करू नका. भोक आठ-दहा मिलिमीटरचं गोल करून त्यात सागाची खुंटी गोंद लावून ठोका, वाळू द्या, मग त्यात नवीन बारीक भोक पाडून स्क्रू. पितळी स्क्रू लावणार असाल तर आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू एकदा आत-बाहेर करून घ्या, नाहीतर पितळेचं डोकं तुटून हातात येतं. एवढं करूनही अडत असेल तर जिथे घासतं तिथे खडूने खूण करून ठेवा, मेणबत्ती घासून तात्पुरतं चालवा, आणि दसरा-दिवाळीकडे हवा कोरडी झाल्यावर बघा खरंच किती काढायला लागतंय. बहुतेक वेळा कागदाएवढंच निघतं.

रंधा मारल्यावर ती कडा उघडी सोडू नका हे पण तितकंच महत्त्वाचं. आणि दाराचं डोकं आणि पाय, म्हणजे वरची आणि खालची आडवी कड, तिथे कोणीच पॉलिश लावत नाही कारण दिसत नाही. पण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. दार उतरवलेलं असतानाच सहाही बाजूंना हात मारून घ्या.

आता दार कितपत वाचण्यासारखं आहे हे कसं ओळखायचं. एक दाभण घ्या, चप्पल शिवणाऱ्याकडे असतो तसला, आणि उभ्या पट्ट्यांच्या खालच्या सहा-आठ इंचात, चौकटीच्या पायाशी, खिडकीच्या खालच्या आडव्या पट्टीत, सांध्यांजवळ टोचत जा. चांगल्या सागात दाभण मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर अडतो आणि काढताना लाकूड त्याला धरून ठेवतं. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात जावा तसा जातो. रंगाच्या वरून सगळं ठीक दिसतं आणि आत भुसा असतो, त्यामुळे डोळ्यावर भरवसा ठेवू नका. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे, आणि बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, त्याखाली ती वाढत नाही. म्हणजे जिथे कुजलंय तिथे पाणी कुठूनतरी येतंय, बाथरूमची भिंत, गळकी पन्हळ, किंवा जुन्या विटा-चुन्याच्या भिंतीवर कोणीतरी नंतर मारलेलं सिमेंटचं प्लॅस्टर. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते, सिमेंटने ती बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती ओल मग लाकडी चौकटीतून वाट काढते. अशा ठिकाणी नवीन चौकट बसवली तरी ती पण कुजणार, मग आधीची काय वाईट होती? आधी पाणी बंद करा, मग सुतार बोलवा. हा क्रम उलटा झाला की सगळे पैसे वाया.

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी घरांत दारं, कपाटं दिवसच्या दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी घाईने सगळं उन्हात काढून ठेवलं, आणि ते साहजिक आहे, पण भिजलेल्या सागाला कडक ऊन म्हणजे वरचा थर झपाट्याने आटतो, आतला फुगलेलाच, आणि लाकूड वाकतं नाहीतर तडकतं. भिजलेलं भरीव लाकूड सावलीत, खाली पट्ट्या देऊन, चारी बाजूंनी वारा लागेल असं आडवं ठेवा, गाळ आधी स्वच्छ पाण्याने धुऊन, आणि घाई करू नका, जाड दाराला कित्येक आठवडे लागतात. पिन टोचायचं एक साधं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं ते 12 टक्क्यांच्या आसपास दाखवेपर्यंत रंग नाही, पॉलिश नाही. सागाची दारं यातून बहुतेक वेळा सुखरूप बाहेर येतात. पार्टिकल बोर्ड आणि साधं कमर्शियल प्लाय येत नाही, त्याचे थर सुटतात आणि मग त्याला दुरुस्ती नाही. नवीन कपाट करताना निदान खालच्या भागाला तरी पाण्यात टिकणारं प्लाय मागा, आयएस 710 (हा भारतीय मानकाचा नंबर) छापलेलं, आणि आयएस 303 असेल तर एमआर की बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) ते वाचून घ्या, एमआर हे दमट हवेपुरतं आहे, पाण्यात उभं राहायला नाही.

कुजलेला भाग सापडला म्हणजे दार गेलं असं नाही. दाराचा खालचा सहा इंच भाग गेला असेल तर तेवढाच कापून त्याजागी नवीन जोडता येतो. फक्त सरळ काटकोनात कापून टोकाला टोक चिकटवलं तर ते धरणार नाही, कारण नळ्यांच्या तोंडाशी गोंद पकड घेत नाही, आतच शोषला जातो. म्हणून तिरका काप घ्यायचा, लांब, म्हणजे पट्टी एक इंच जाड असेल तर जोडाची लांबी आठ इंच, साधारण एकास आठ. मग नवीन आणि जुनं लाकूड लांबीच्या बाजूने एकमेकांना भिडतं आणि तिथे गोंद खरी पकड घेतो. नवीन तुकडा त्याच जातीचा, रेषा त्याच दिशेला, आणि ओलावा जुन्याइतका. हे तिसरं सगळे विसरतात. नुकतंच चिरलेलं ओलं लाकूड शंभर वर्षं वाळलेल्या लाकडाला जोडलं तर पहिल्या उन्हाळ्यात नवीन आटतं आणि जोड उघडतो. छोट्या जागेसाठी, म्हणजे जुन्या कुलुपाचं भोक वगैरे, ठिगळ लावायचं. ठिगळ चौकोनी न करता पतंगाच्या आकाराचं करा, तिरक्या कडा रेषांमधे मिसळून जातात, आडवी कापलेली कड लगेच डोळ्यात भरते.

कीड वेगळी. वाळवी, आपल्याकडे सगळे उधईच म्हणतात, ती जमिनीतून येते, भिंतीवर मातीच्या नळ्या करत, त्यामुळे नुसत्या लाकडाला औषध मारून उपयोग नाही, तिची जमिनीतली वाट बंद करायला लागते. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, ती उधईला नको असतात, म्हणून जुन्या घरात शेजारचं दुसरं साधं लाकूड पोखरलेलं आणि साग तसाच असं दिसतं. पण सागाचाच बाहेरचा फिकट भाग, सालीजवळचा, त्याला ते संरक्षण नसतं, त्यात बारीक भुंगे शिरतात. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत आहे हे कळायला खाली काळा कागद चिकटवून ठेवा आणि काही आठवड्यांनी बघा, ताजं पीठ पडलं असेल तर चालू आहे, नसेल तर ती भोकं नुसता इतिहास आहे, घाबरून दार फेकू नका. नवीन लाकूड घेताना फिकट कडेची फळी परत करायची ती याचसाठी.

आता मापाने करून घ्यायचं नवीन काम, म्हणजे कस्टम जॉइनरी. जुन्या घरात रेडिमेड काहीच बसत नाही याचं कारण भिंती. समजा भिंतीतलं जुनं फडताळ आहे, आत दगडी फळ्या, दारं गेलेली, आणि तुम्हाला तिथे नवीन कपाट हवंय. रुंदी वर मोजली तर 2 फूट 11 इंच, खाली 3 फूट अर्धा इंच, मधे भिंतीला पोट. दोन्ही कर्ण मोजा, दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) नाही, तर इंच-दीड इंचाचा फरक येईल. बरेच मिस्त्री इथे भिंत फोडून सरळ करा म्हणतात, किंवा कपाट वाकड्या भोकाच्या आकाराचं करायला जातात आणि मग दारं नीट लागत नाहीत, खण अडकतात. दोन्ही नको. कपाटाचा सांगाडा एकदम काटकोनात करायचा, गुण्या लावून, सगळ्यात अरुंद मापापेक्षा अर्धा इंच कमी, मागे भिंतीपासून थोडी जागा सोडून म्हणजे ओल लागणार नाही. तो ओळंब्यात उभा करायचा. मग सांगाडा आणि भिंत यामधली वाकडी फट झाकायला पुढून सागाची एक पट्टी. ही पट्टी भिंतीला टेकवून सरळ उभी धरायची, शाळेच्या कंपासपेटीतला कर्कटक असतो ना, ज्यात पेन्सिल लावतात, तो सगळ्यात मोठ्या फटीएवढा उघडायचा, त्याचं लोखंडी टोक भिंतीवरून आणि पेन्सिल पट्टीवरून अशी वरपासून खालपर्यंत एका दमात ओढायची. भिंतीचं प्रत्येक पोट आणि खळगा पट्टीवर उतरतो. त्या रेषेवर कापायचं, मागच्या बाजूने कड थोडी तिरकी तासायची म्हणजे पुढची धारच भिंतीला भिडते. बसवल्यावर पट्टी भिंतीतून उगवल्यासारखी दिसते, आणि दारं मात्र काटकोनातल्या सांगाड्यावर असल्यामुळे बोटाने ढकलली तरी लागतात. मिस्त्रीला हे येतं की नाही हे विचारून घ्या, येत असेल तर तो माणूस सोडू नका.

जुन्या कामाशी जुळवायचं असेल तर गोलची, म्हणजे पट्टीच्या कडेची नक्षीची कोर, ती हूबेहूब हवी. दुकानातली तयार गोलची जवळपासची असते, तशीच कधीच नसते, आणि दोन सुताचा फरक पण शेजारी शेजारी ओरडून दिसतो. जुन्या पट्टीचा कापलेला एक छोटा तुकडा मिस्त्रीला द्या, फोटो नको. लांबी थोडी असेल तर चांगला कारागीर रंध्याचं पातं त्या आकारात घासून घेतो, जास्त असेल तर मशीनवर कटर करून घेता येतो. कठड्याचे किंवा झोपाळ्याच्या दांडीचे गोल कातलेले खांब तुटले असतील तर ते सुताराचं काम नाहीच, खराद्याचं आहे, आणि आपण बडोदेकर नशीबवान की संखेडा जवळ आहे, सागाचं कातकाम आणि त्यावर लाखेचे रंग हा तिथल्या खरादी लोकांचा पिढीजात धंदा. एक शाबूत खांब नमुना म्हणून न्या, त्यावरून बाकीचे करून देतात.

लाकूड कुठून? पोळातलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं, एखादं घर उतरवलं की त्यातल्या तुळया, सरे (माळ्याखालची आडवी लाकडं), चौकटी विकायला येतात, आणि दुरुस्तीसाठी मला तरी हेच लाकूड सगळ्यात बरं वाटतं, वाळलेलं, स्थिर झालेलं, रंग जुळणारं. चिरायच्या आधी खिळे शोधून काढायला लागतात नाहीतर मशीनचं पातं जातं, त्याचे पैसे कोण देणार हे आधी बोलून घ्या. लाकूड घनफुटावर मिळतं. हिशोब सोपा आहे, लांबी फुटात गुणिले रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले 144. सात फूट लांब, 4 इंच रुंद, अडीच इंच जाड पट्टी म्हणजे 70 भागिले 144, अर्ध्या घनफुटाच्या जरा खाली. वर रंध्यात आणि कापण्यात जाणारी घट धरा.

मिस्त्रीशी ठरवताना नवीन कपाट चौरस फुटावर ठरवा, पण दुरुस्ती चौरस फुटावर ठरवू नका. दार उघडल्याशिवाय आत काय निघेल ते त्यालाही माहीत नसतं, त्यामुळे तो एकतर खूप जास्त सांगतो किंवा कमी सांगून मग घाईने पुट्टी भरून मोकळा होतो. दुरुस्ती रोजाने ठेवा, आणि एक दार आधी पूर्ण करून घ्या, ते बघून बाकीची द्या. कागदावर लिहून घ्या की लाकूड कुठलं, सांधा कुसवाचा की नुसता स्क्रूचा, पॅनल मोकळं राहणार की चिकटवणार, आणि निघालेल्या पितळी कड्या, बिजागऱ्या कोणाच्या. त्या तुमच्या आहेत, एका डब्यात घालून दाराचा नंबर टाकून ठेवा. आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं दिसलं, किंवा माळ्याचा सरा वाकलेला, तर ते एकट्या सुताराचं काम नाही, वरचं वजन त्यावर आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका.

रंग काढण्याबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ठरली ती 2016च्या नियमांनी, आणि लागू झाली 2017च्या नोव्हेंबरपासून. म्हणजे त्याआधीचा ऑइलपेंट, खास करून पिवळा, हिरवा, लाल, त्यात शिसं असायची चांगलीच शक्यता आहे, आणि जुन्या दारावर असे कितीतरी थर असतात. कोरडा घासला की त्याची धूळ घरभर, जमिनीवर, रांगणाऱ्या मुलाच्या हातावर आणि तोंडात. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारं नुकसान भरून निघत नाही. त्यामुळे घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नका, दार उतरवून बाहेर न्या. पाणी मारून ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, खरवडलेलं सगळं गोळा करून बांधून टाका, मास्क चांगल्या प्रतीचा, कापडी रुमाल नाही. मिस्त्रीच्या पोरालाही मास्क द्या, तो दिवसभर तेच हुंगतो. हीट गन वापरली तर रंग फुगेल एवढीच तापवा, धूर निघेपर्यंत नाही. कॉस्टिक सोड्याने रंग झटक्यात निघतो हे खरं, पण साग काळा पडतो, तंतू उभे राहतात आणि सांध्यातला सरस पण सुटतो.

शेवटी पॉलिश. आतल्या दाराला मी लाखेचं पॉलिशच सुचवीन, चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या, स्पिरिटमध्ये विरघळवून, लिटरला साधारण 200 ते 250 ग्रॅम, कापडाच्या गादीने पातळ पातळ हात. पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी परत हात मारता येतो, जुना थर नव्यात विरघळून एक होतो. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश, कडक आणि पाण्याला चांगलं, जेवणाच्या टेबलाला ठीक, पण एकदा ते सोललं की पूर्ण खरवडावं लागतं. लाखेला गरम भांडं आणि पाणी चालत नाही, आणि पावसाळ्यात लावलं तर दमट हवेने त्यावर पांढरट धुकं धरतं, म्हणून पॉलिशवाल्याला ऑक्टोबर ते मे या काळातच बोलवा. बाहेरच्या दाराला जवसाचं उकळलेलं तेल लावायची पद्धत आहे आणि ते छान मुरतं, पण त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती अडकून आपोआप आग लागते, काडी न लावता. चिंध्या दोरीवर एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा, आणि मिस्त्री संध्याकाळी निघायच्या आधी हे त्याने केलंय की नाही ते स्वतः बघा.